विषय राज्याचा, संमती केंद्राची: अधिकारवाटपाचा प्रत्यक्ष हिशेब

वाटसरू (धागाकर्ता)

केंद्र आणि राज्ये यांच्यातील अधिकारवाटपाचा विषय निघाला की चर्चा बहुधा सातव्या अनुसूचीपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. संघसूची, राज्यसूची आणि समवर्ती सूची अशा तीन याद्या, १९५० साली त्यांत अनुक्रमे ९७, ६६ आणि ४७ विषय. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, चलन आणि रेल्वे केंद्राकडे. पोलीस, शेती, जमीन आणि सार्वजनिक आरोग्य राज्यांकडे. फौजदारी कायदा, विवाह, वीज हे दोघांकडे. आणि कोणत्याच यादीत न बसणारे शेषाधिकार अनुच्छेद २४८ नुसार संसदेकडे. स्पर्धा परीक्षेला एवढे पुरते. मात्र एखादा विषय कोणत्या यादीत छापला आहे यापेक्षा त्यावरील निर्णयाला शेवटी कोणाची संमती लागते हे पाहिले, तर चित्र बरेच वेगळे दिसते असे माझे मत आहे. त्यासाठी बैलगाडा शर्यतींचे उदाहरण मला कोणत्याही जाडजूड घटनात्मक वादापेक्षा बोलके वाटते.

शर्यत होते गावच्या यात्रेत, गावच्या घाटात, गावच्याच बैलांची. याहून स्थानिक विषय शोधूनही सापडणार नाही. परंतु प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध हा विषय समवर्ती सूचीत आहे आणि त्यावर संसदेने १९६० सालीच कायदा केलेला आहे. त्या कायद्याखाली ज्या प्राण्यांना खेळासाठी शिकवता वा लोकांपुढे आणता येत नाही, त्यांच्या यादीत अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह होते. जुलै २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने एका अधिसूचनेद्वारे तीत बैल घातला. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू (तमिळनाडूतील बैलाला पकडण्याचा खेळ) आणि बैलगाडा शर्यती या दोहोंवर बंदी आणली. तमिळनाडूने २००९ साली स्वतःच्या विधानसभेत जल्लिकट्टूचा रीतसर कायदा केलेला होता, तोही त्याच निकालात रद्द झाला, कारण तो केंद्रीय कायद्याशी विसंगत होता आणि त्याला राष्ट्रपतींची संमती नव्हती.

पुढे २०१७ मध्ये तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र यांनी त्याच केंद्रीय कायद्यात आपापल्या राज्यापुरत्या दुरुस्त्या केल्या, आणि या वेळी अनुच्छेद २५४(२) प्रमाणे राष्ट्रपतींची संमती घेतली. महाराष्ट्रात त्यानंतरही न्यायालयीन स्थगितीमुळे शर्यती थांबलेल्याच होत्या. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. दुरुस्त्यांमुळे बैलांच्या यातना कमी होतात हेही न्यायालयाने मान्य केले, हे खरे. तरीसुद्धा त्या संमतीवाचून राज्याचा कायदा केंद्रीय कायद्यापुढे टिकलाच नसता.

आता ही संमती कशी मिळते ते पाहावे. विधिमंडळाने संमत केलेले विधेयक राज्यपाल राष्ट्रपतींसाठी राखून ठेवतात, ते केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जाते, तेथून संबंधित मंत्रालयांकडे अभिप्रायासाठी फिरते, आणि राष्ट्रपती शेवटी मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानुसार निर्णय घेतात. अनुच्छेद २०१ मध्ये यासाठी मुदत घातलेली नाही. राज्यपालांनी स्वतः परत पाठवलेले विधेयक विधिमंडळाने पुन्हा संमत केले तर राज्यपालांना अनुमती नाकारता येत नाही, पण राष्ट्रपतींकडून परत आलेले विधेयक पुन्हा संमत करून पाठवले तरी राष्ट्रपतींवर तसे बंधन नाही. म्हणजे समवर्ती सूचीतील अधिकार दोघांचा असला, तरी केंद्राचा कायदा आधीच उभा असेल तिथे राज्याने केंद्रीय मंत्रिमंडळाचे मन वळवल्याखेरीज त्या अधिकाराला अर्थ उरत नाही. आपणा सर्वांची मते वाचायला आवडतील.

निवृत्त वकील

वाटसरू, आपली मांडणी नेमकी आहे, पण ती एकतर्फी होऊ नये म्हणून काही गोष्टी नोंदवतो.

पहिली म्हणजे, अनुच्छेद २५४ चा प्रश्न केवळ समवर्ती सूचीत आणि तेथेही दोन कायद्यांत विसंगती असेल तरच उद्भवतो. राज्यसूचीतील विषयावर राज्याने केलेला कायदा वाटेत केंद्राच्या एखाद्या विषयाला स्पर्श करून गेला म्हणून बाद होत नाही. कायद्याचा गाभा कशाविषयी आहे हे न्यायालय पाहते. मुंबई राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याबाबत १९५१ सालच्या बलसारा प्रकरणात हाच प्रश्न आला होता. परदेशातून येणाऱ्या मालाची आयात केंद्राची, मादक पेये राज्याची; न्यायालयाने कायद्याचा गाभा दारूबंदीचा ठरवला आणि राज्याचा अधिकार मान्य केला. काही तरतुदी रद्द झाल्या, त्या अन्य कारणांनी.

दुसरी म्हणजे, न्यायालयाचा कौल नेहमी केंद्राकडे झुकतो या समजाला २०२४ च्या दोन निकालांनी चांगलाच धक्का दिला आहे. जुलै २०२४ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ८ विरुद्ध १ अशा बहुमताने सांगितले की खनिजांवरील स्वामित्वधन (रॉयल्टी) हा कर नव्हे आणि खनिज हक्कांवर कर लावण्याचा राज्यांचा अधिकार शाबूत आहे. ऑक्टोबरमध्ये तितक्याच मोठ्या पीठाने, पुन्हा ८ विरुद्ध १ ने, औद्योगिक मद्यार्कही राज्यसूचीतील मादक मद्याच्या नोंदीत येतो असा निर्णय दिला आणि १९९० चा सात न्यायमूर्तींचा निकाल मोडीत काढला. १९९४ चा बोम्मई निकाल तर सर्वांना ठाऊकच आहे. राष्ट्रपती राजवट लावण्याची शक्ती त्यानंतर गेली नाही, पण सभागृहात बहुमत अजमावल्याशिवाय राज्य सरकार बरखास्त करण्याची जी सवय लागली होती ती बरीच आवरली.

तिसरी, आपल्याच निकषावर तपासण्याजोगी गोष्ट. जिथे संमती राज्याची लागते अशीही ठिकाणे आहेत. केंद्रीय अन्वेषण विभाग ज्या १९४६ च्या कायद्याखाली चालतो त्याच्या कलम ६ नुसार राज्यात तपासासाठी राज्य सरकारची संमती लागते. महाराष्ट्राने ही सर्वसाधारण संमती ऑक्टोबर २०२० मध्ये काढून घेतली आणि सत्ताबदल झाल्यावर २०२२ मध्ये पुन्हा दिली. संघराज्याच्या तत्त्वाचा विचार दोन्ही वेळी किती झाला असेल याबद्दल मला शंका आहे, पण अधिकार राज्याकडे होता आणि तो दोन्ही बाजूंनी वापरला गेला, एवढे निश्चित.

नीरक्षीर

संमतीचा मुद्दा मान्य. पण धागाकर्त्यांनी पैशाचा विषय हाताळलाच नाही, आणि माझ्या मते खरी मेख तिथेच आहे.

इंधनाचे उदाहरण घेऊ. फेब्रुवारी २०२१ मध्ये पेट्रोलवर केंद्राचे उत्पादन शुल्क लिटरमागे ३२.९० रुपये होते. ऐकणाऱ्याला वाटते की वित्त आयोगाच्या शिफारशीप्रमाणे त्यातील ४१ टक्के राज्यांना मिळत असतील. प्रत्यक्षात त्या ३२.९० रुपयांत मूळ उत्पादन शुल्क होते फक्त १.४० रुपये, ११ रुपये विशेष अतिरिक्त शुल्क, १८ रुपये रस्ते व पायाभूत सुविधांचा उपकर आणि अडीच रुपये कृषी पायाभूत सुविधांचा उपकर. अनुच्छेद २७० नुसार उपकर आणि अधिभार वाटपयोग्य निधीत येतच नाहीत, आणि विशेष अतिरिक्त शुल्कही त्यातून वगळलेले. तेव्हा देशातील सर्व राज्यांनी मिळून वाटून घ्यायची रक्कम झाली १.४० रुपयांचे ४१ टक्के, म्हणजे लिटरमागे सुमारे ५७ पैसे. चौदाव्या वित्त आयोगाने राज्यांचा वाटा ३२ वरून ४२ टक्क्यांवर नेला तेव्हा त्याचे भरपूर कौतुक झाले होते, आणि ते योग्यही होते. पण टक्केवारी वाढत असताना ती ज्या रकमेवर लागू होते तिच्याबाहेर किती पैसा ठेवायचा हे ठरवणारा एकटा केंद्र सरकारच आहे. या युक्तीला घटनाबाह्य म्हणता येत नाही, हेच तिचे सामर्थ्य.

यावर राज्यांनीही पेट्रोलवर मूल्यवर्धित कर भरपूर लावला आहे, असे कोणी म्हणेल. लावला आहेच. वस्तू व सेवा करानंतर राज्याला स्वतःच्या मर्जीने दर बदलता येईल असे मोठे कर उरलेच किती? इंधन, मानवी सेवनाचे मद्य, मुद्रांक शुल्क, वाहन कर, वीज शुल्क. म्हणून प्रत्येक राज्य त्यांनाच घट्ट धरून बसते.

वस्तू व सेवा कर परिषदेचे गणित तर आवर्जून मांडण्यासारखे आहे. १०१ व्या घटनादुरुस्तीने केंद्राच्या मताला एक तृतीयांश आणि सर्व राज्यांच्या मतांना मिळून दोन तृतीयांश भार दिला आहे, आणि निर्णयासाठी उपस्थितांच्या तीन चतुर्थांश भाराचे बहुमत लागते. केंद्र विरोधात असेल तर सगळी राज्ये एकत्र येऊनही आकडा ६७ टक्क्यांच्या आसपासच थांबतो, निर्णय होऊ शकत नाही. उलट बाजूने पाहिले तर विधानसभा असलेले केंद्रशासित प्रदेश धरून ३१ सदस्य उपस्थित असतील, तर प्रत्येकाचा भार सुमारे २.१५ टक्के होतो आणि केंद्राचा प्रस्ताव अडवण्यासाठी १२ जणांनी एकत्र यावे लागते. शिवाय वस्तू व सेवा कराचे सर्वाधिक संकलन करणाऱ्या महाराष्ट्राचे मत आणि सिक्कीमचे मत यांचा भार एकच. हे समतेच्या तत्त्वाला धरून आहे असे म्हणता येईल, पण मग त्याला आर्थिक स्वायत्तता म्हणू नये. परिषदेत पहिले प्रत्यक्ष मतदान झाले ते डिसेंबर २०१९ मध्ये, लॉटरीवरील कराच्या दरावरून. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परिषदेच्या शिफारशी बंधनकारक नाहीत, केवळ मार्गदर्शक आहेत असे म्हटले; तरीही आजवर वेगळा दर लावण्याच्या वाटेला कोणते राज्य गेलेले नाही, कारण एकट्याने वेगळे होण्यात तोटाच अधिक.

टिपणवही

धाग्यात १९७६ चा उल्लेख यायलाच हवा. ४२ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण, वने, वन्य प्राणी व पक्ष्यांचे संरक्षण, वजने व मापे आणि कनिष्ठ न्यायालयांची रचना हे पाच विषय राज्यसूचीतून काढून समवर्ती सूचीत नेले. याद्यांत बदल करायचा तर अनुच्छेद ३६८ नुसार निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मान्यता लागते, आणि ती मिळालीही, कारण आणीबाणी चालू होती आणि बहुतेक राज्यांत केंद्रातील पक्षाचीच सरकारे होती. राज्यांच्या संरक्षणासाठी ठेवलेले कुलूप राज्यांनीच उघडून दिले. ४४ व्या दुरुस्तीने ४२ व्या दुरुस्तीतील पुष्कळ गोष्टी मागे घेतल्या, हे पाच विषय मात्र परत आले नाहीत.

अधिकार गमावण्यासाठी कोणाचा तसा हेतू असावाच लागतो असेही नाही. २०१८ च्या १०२ व्या घटनादुरुस्तीने राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाला घटनात्मक दर्जा दिला आणि अनुच्छेद ३४२अ घातला. राज्यांचे मागासवर्ग ठरवण्याचे अधिकार यामुळे बाधित होत नाहीत, अशी भूमिका खुद्द केंद्र सरकारने न्यायालयात मांडली होती. ५ मे २०२१ रोजी मराठा आरक्षणाच्या निकालात तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने न्यायालयाने शब्दांचा अर्थ वेगळा लावला आणि तो अधिकार राष्ट्रपतींकडे गेल्याचे सांगितले. (आरक्षण रद्द होण्यामागे ५० टक्क्यांच्या मर्यादेचा मुद्दा स्वतंत्र होता, या दोन गोष्टींची सरमिसळ होऊ नये.) राज्यांना तो अधिकार परत देण्यासाठी ऑगस्ट २०२१ मध्ये १०५ वी घटनादुरुस्ती करावी लागली.

चावडीकर

वरील सर्व प्रतिसाद लक्षपूर्वक वाचले. केंद्र राज्यांना काय देत नाही याची मोजदाद चांगली झाली आहे, पण राज्ये स्वतःच्या हातातील काय खाली सोडतात याबद्दल एकही ओळ नाही.

१९९२ च्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ आणि बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांसाठी १८ विषय दिले. ते द्यायचे की नाही आणि किती द्यायचे हे मात्र राज्य विधिमंडळावर सोपवले, कारण स्थानिक स्वराज्य हा राज्यसूचीतील विषय आहे. मुंबईत नगरनियोजन हा बाराव्या अनुसूचीतील पहिलाच विषय घ्या: महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, म्हाडा, सगळी राज्य सरकारची. महापालिकेचा कारभार हाकणारा आयुक्त राज्य सरकार नेमते. महापौर सभा चालवतो. जकात हे पालिकेचे सर्वांत मोठे हक्काचे उत्पन्न होते, ते वस्तू व सेवा कर आल्यावर १ जुलै २०१७ रोजी बंद झाले आणि त्याऐवजी राज्याकडून भरपाई येऊ लागली. केंद्राने वस्तू व सेवा कराची नुकसानभरपाई थकवली तेव्हा राज्यांनी आक्रोश केला, पण पालिका राज्याकडे ज्या नजरेने पाहत बसते तिच्याबद्दल मंत्रालयात कोणाला फारसे काही वाटत नाही. पालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ एवढ्या मोठ्या शहराचा कारभार प्रशासकाने केला. हेच केंद्राने एखाद्या राज्याबाबत केले असते तर अनुच्छेद ३५६ च्या, म्हणजे राष्ट्रपती राजवटीच्या, उद्घोषणेला दोन महिन्यांत संसदेची मान्यता घ्यावी लागली असती, आणि एक वर्षापलीकडे जायचे तर आणीबाणी आणि निवडणूक आयोगाचा दाखला अशा दोन्ही अटी पूर्ण कराव्या लागल्या असत्या. महापालिकेला प्रत्यक्षात तेवढेही संरक्षण मिळाले नाही.

वाटसरू (धागाकर्ता)

चावडीकर, आपला आक्षेप रास्त आहे, मात्र त्याने मूळ मुद्दा खोडला जात नाही, उलट तोच एक पायरी खाली लागू होतो. फरक इतकाच की राज्यांचे विषय निदान घटनेत लिहिलेले आहेत. पंचायतींचे विषय राज्याने देईपर्यंत कागदावरच राहतात.

नीरक्षीर यांच्या आकडेवारीला एक ऐतिहासिक पदर जोडावासा वाटतो. केंद्र एवढे बलवान असावे असे सुरुवातीपासून ठरलेले नव्हते. डिसेंबर १९४६ मध्ये संविधान सभेपुढे मांडलेल्या उद्दिष्टांच्या ठरावात शेषाधिकार घटक प्रदेशांकडे राहतील असे म्हटले होते, आणि त्रिमंत्री योजनेत (ब्रिटिश सरकारच्या तीन मंत्र्यांनी १९४६ मध्ये मांडलेल्या) केंद्राकडे संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण एवढेच होते. मुस्लिम लीगला सोबत ठेवण्यासाठी केलेली ती तडजोड होती. ३ जून १९४७ ला फाळणी जाहीर झाल्यावर तिचे कारणच संपले. नेहरूंच्या अध्यक्षतेखालील संघ अधिकार समितीने दुबळे केंद्र देशहिताला घातक ठरेल असा स्पष्ट अहवाल दिला आणि शेषाधिकार केंद्राकडे गेले. याद्यांचा साचा १९३५ च्या कायद्यातून आला, ज्यात ५९, ५४ आणि ३६ विषय होते. दंगली, निर्वासित, संस्थानांचे विलीनीकरण आणि अन्नटंचाई समोर असताना त्या पिढीने घेतलेला निर्णय मला समजण्यासारखा वाटतो. ती परिस्थिती ओसरल्यावर वाटणी फेरतपासण्यासाठी सरकारिया आयोग १९८३ मध्ये आणि पुंछी आयोग २००७ मध्ये नेमले गेले, त्यांचे अहवालही आले. सरकारिया आयोगाच्या शिफारशीवरून १९९० मध्ये आंतरराज्य परिषद स्थापन झाली. तिची दहावी बैठक २००६ साली झाली आणि अकरावी २०१६ साली, यावरून तिच्याकडे किती गांभीर्याने पाहिले जाते हे कळते.

निवृत्त वकील

राज्यांचे विषय घटनेत लिहिलेले आहेत हे खरे, पण खुद्द राज्याचे अस्तित्व मात्र संसदेच्या साध्या बहुमतावर आहे, हे महाराष्ट्राने तरी विसरू नये. अनुच्छेद ३ नुसार राज्याची सीमा बदलायची तर विधिमंडळाचे फक्त मत मागवावे लागते, ते मानावे लागत नाही. १९५६ साली मुंबई विधानसभेकडे मत मागवले गेले ते महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित मुंबई अशा तीन घटकांच्या प्रस्तावावर. संसदेने संमत केले ते द्वैभाषिक मुंबई राज्य. याविरुद्ध बाबूलाल पराते यांनी दाद मागितली, तेव्हा १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की विधेयकात बदल झाला म्हणून विधिमंडळाकडे पुन्हा जाण्याची गरज नाही. पुढे २०१४ मध्ये आंध्र प्रदेश विधानसभेने फेटाळूनही विभाजन झालेच.

सांगलीकर

पाण्याविषयी कोणीच लिहिले नाही म्हणून एवढीच भर घालतो. पाणी राज्यसूचीत नोंद १७ वर आहे, पण ते संघसूचीतील नोंद ५६ च्या, म्हणजे आंतरराज्य नद्यांच्या अधीन राहून. आणि अनुच्छेद २६२ व १९५६ च्या कायद्यानुसार तंटा लवादाकडे जातो. कृष्णेच्या पहिल्या लवादाने २०६० अब्ज घनफूट पाण्यापैकी महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्र प्रदेशाला ८०० दिले. दुसरा लवाद २००४ मध्ये नेमला गेला, त्याचा निर्णय डिसेंबर २०१० मध्ये आला, आणि त्यात कर्नाटकातील अलमट्टी धरणाची पातळी ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्यास परवानगी आहे. आमच्या भागात पुराच्या दिवसांत ज्या आकड्याची चर्चा होते तो हाच.

धागाकर्त्यांच्या संमतीच्या मुद्द्याशी याचा संबंध असा की लवादाचा निर्णय राज्यांवर बंधनकारक होतो तो केंद्र सरकारने राजपत्रात प्रसिद्ध केल्यावर. सप्टेंबर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती प्रसिद्धी थांबवली. आंध्र प्रदेशातून तेलंगण वेगळे झाल्यावर तंट्यात आणखी एक पक्ष आला आणि पाण्याची फेरवाटणी चार राज्यांत की केवळ त्या दोघांत, हा नवा वाद उभा राहिला. त्यामुळे महाराष्ट्रातल्या सिंचन प्रकल्पांचे हिशेब मांडताना आधार घ्यावा लागतो तो १९७६ साली राजपत्रात आलेल्या पहिल्या निवाड्याचाच.